मामाचा सुरीचा हात

माझा मामा रबराच्या झाडांचा चीक काढायचा. आई गेल्यावर मी त्याच्या आणि मामीच्या घरी वाढले, त्यामुळे सुरीला धार लावल्याच्या आवाजाने जाग येणं मला लहानपणापासून सवयीचं होतं. मळ्यातल्या कामगारांसाठी बांधलेल्या दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत धारेचा दगड. मामा उकिडवा बसून धार लावायचा, अंगठ्याने चाचपायचा, पुन्हा लावायचा. मामी चहा त्याच्या बाजूला ठेवत म्हणायची, "अहो, झाड कापायचंय की वारा?"

मामा हसायचा, कपाळावर बत्ती बांधायचा आणि निघायचा. रबराचं काम पहाटेच करावं लागतं. ऊन चढलं की चीक आटतो, वाहायचा थांबतो.

चीक काढायचा म्हणजे नुसतं झाडाला कापायचं नाही. खोडावर एक तिरपा काप असतो, अर्ध्या खोडाला वळसा घालून खाली उतरणारा. प्रत्येक फेरीला त्या कापाच्या कडेची साल कागदासारखी पातळ तासायची, की दुधासारखा पांढरा चीक पाझरायला लागतो आणि पत्र्याच्या पन्हाळीवरून खाली बांधलेल्या करवंटीत थेंब थेंब जमतो. खरी गोम अशी की सगळ्यात जास्त चीक सालीच्या अगदी आतल्या थरात असतो, लाकडाला चिकटून. सुरी तिथवर न्यायची, पण लाकडाला लागू द्यायची नाही. उथळ गेली तर करवंटी रिकामी राहते. खोल गेली तर झाडाला जखम होते, जखमेवर गाठ धरते आणि त्या जागी पुढे कित्येक वर्षं सुरी चालत नाही.

मामाच्या रांगेतली खोडं हात फिरवून पाहावीत इतकी गुळगुळीत होती. माझे आजोबा, म्हणजे मामाचे वडील, याच मळ्यात चीक काढायचे. त्यांनीच मामाला सुरी धरायला शिकवलं होतं.

मामी धुरीघरात कामाला होती. जमवलेला चीक गाळून, पाणी घालून, थोडं आम्ल टाकून पसरट डब्यांत ठेवला की त्याची घट्ट वडी बनते. ती रुळांमधून काढली की लांबच लांब ओली शीट तयार होते. या शीटा मामी बांबूंवर टांगायची आणि खालून मंद धूर द्यायची. पांढऱ्या शीटा धूर खाऊन खाऊन मधाच्या रंगाच्या होत. मामीच्या केसांना, पदराला, अगदी तिने मळलेल्या पिठालाही तो वास यायचा. लहान असताना मला वाटायचं, सगळ्या बायकांना असाच वास येतो.

शाळा संपल्यावर मीही तिथल्याच गोदामात लागले. माझं काम काचेच्या टेबलावर. काचेखाली दिवे असतात. शीट त्यावर पसरली की आतला बुडबुडा, कचरा, सालीचा कण, सगळं दिसतं. तेवढं कात्रीने कापून काढायचं आणि शीट प्रतवारीप्रमाणे वेगळी ठेवायची. मग तिचे गठ्ठे दाबले जात, गठ्ठे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वरून शंखजिऱ्याच्या पांढऱ्या भुकटीचा लेप दिला जाई, शिक्का मारला जाई आणि कंटेनर बंदराकडे जाई. तिथून जहाजाने दूरच्या देशांतल्या टायरच्या कारखान्यांत. म्हणजे मामा झाडाशी, मामी धुराशी आणि मी काचेशी. आमच्या तिघांच्या हातांखालून गेलेलं रबर कुठल्या रस्त्यांवर पळत असेल, यावर आम्ही जेवताना भरपूर थापा मारायचो.

मग मामाला काहीतरी व्हायला लागलं.

सुरुवातीला आम्हाला ते कळलंच नाही. तो म्हणायला लागला, चहा अर्धाच कप दे. मामीला वाटलं, कमी करतोय, बरंच आहे. पण त्याची भूक मात्र दुप्पट झाली होती आणि तरी तो वाळत चालला होता. मामी त्याला वाढता वाढता म्हणायची, "एवढं खाता, ते जातं कुठे? शेजाऱ्यांच्या अंगाला लागतं की काय?" सगळे पांघरूण घ्यायचे तेव्हा तो घामाघूम होऊन पडवीत येऊन बसायचा. आणि आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेला माणूस एकदा रेडिओवर ओरडला. रेडिओचं तरी काय चुकलं होतं, हवामान सांगत होता बिचारा.

त्याचा हात थरथरत होता. भरलेला कप हिंदकळायचा, म्हणून अर्धा. हे त्याचं त्यालाच माहीत होतं. का लपवत होता, तेही त्यालाच माहीत होतं. आजोबांना कंपवात झाला होता. आधी एक हात, मग दोन्ही, मग चालणं, मग बोलणं. शेवटी शेवटी मामी त्यांना चमच्याने भरवायची. मामाने हे सगळं घरात राहून पाहिलं होतं. आपला हात हलताना पाहिल्यावर त्याने कुणालाही न विचारता स्वतःचा निकाल लावून टाकला होता.

पण झाडांपासून काही लपत नाही. एका सकाळी मुकादम मामाच्या रांगेतून फिरत होता. मुकादम आणि मामा एकाच दिवशी कामाला लागलेले, एकाच डब्यातून जेवलेले. पुढे तो मुकादम झाला, मामा सुरीपाशीच राहिला, पण दोघांतलं 'अरे-तुरे' गेलं नाही. मुकादमाने एका खोडापाशी थांबून मामाला हाक मारली.

"हे काय रे?"

साल खरवडून निघाली होती आणि आतलं पांढरं लाकूड पडलेल्या मुलाच्या गुडघ्यासारखं उघडं पडलं होतं.

"सुरी घसरली," मामा म्हणाला.

"इथे घसरली. त्या झाडावर घसरली. तिकडे तर दोनदा घसरली." मुकादमाने आवाज खाली आणला. "तुझी रांग मला कधी तपासावी लागली नव्हती. खरं सांग, प्यायला लागलास का?"

आणि माझ्या मामाने, ज्याला खोकल्याच्या औषधानेही चढायची, मान खाली घालून म्हटलं, "हो. थोडी थोडी."

मुकादमाला राग आला आणि वाईटही वाटलं. तो म्हणाला, "सोड लवकर. तोवर झाडांना हात लावू नकोस. उद्यापासून गोदामात जा, भाचीबरोबर बस."

असा मामा माझ्या शेजारी काचेच्या टेबलावर आला. तोवर बातमी पसरली होती आणि मी ती खरी मानली होती. परदेशी जायचा मोठा माल तयार करायची घाई चालली होती, गोदामात बोलायला कुणाला फुरसत नव्हती, आणि मला ते सोयीचंच वाटलं. त्याच्याकडे पाहायची मला लाज वाटत होती. तो दोन्ही कोपर टेबलावर घट्ट टेकवून कात्री चालवायचा. मला वाटायचं, रात्रीची उतरली नसेल अजून.

एकदा त्याने काचेवरच्या शीटमधून सालीचा एक जाडसर तुकडा कापून काढला आणि उजेडात धरला.

"ही माझी," तो म्हणाला.

"कशावरून?"

"एवढी जाड साल दुसरं कोण काढणार? बाकीच्यांचे हात शाबूत आहेत."

तो हसला, पण ते हसणं मला आवडलं नाही. मी मान फिरवली आणि पुढची शीट ओढली.

मामीला ही बातमी रुळांपाशी काम करणाऱ्या बाईकडून कळली. "तुमच्या यांनाही लागली म्हणे बाटली," असं ती सहज बोलून गेली. मामी हातातली शीट टांगून मोकळी झाली. संध्याकाळी घरी आली, हातपाय धुतले आणि दोरीवर टाकलेला मामाचा शर्ट नाकाशी नेला. दिवसभर धुरात राहूनही तिचं नाक भलतंच तिखट होतं. शीटला बुरशी धरायच्या आधी तिला वास यायचा. शर्टाच्या कॉलरला दारूचा भपकारा येत होता. मग ती मामापाशी गेली, त्याच्या अगदी तोंडाजवळ नाक नेलं आणि हुंगलं. मी चुलीपाशी उभी राहून पाहत होते.

"शर्ट पितो आणि तुम्ही कोरडे?" ती म्हणाली.

मामा पडवीकडे वळला.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय. दारू अंगावर ओतून कोण घेतं? पैसे देऊन आणली असेल ना? मग निदान प्यायची तरी!"

मला हसू आलं, पण मामाचा चेहरा पाहून ते जिरलं. त्याने दोन्ही हात पुढे केले. आमच्यासमोर पहिल्यांदाच. बोटं बारीक बारीक थरथरत होती, तार छेडल्यावर थरथरते तशी.

"बाबांचं आलंय," तो म्हणाला.

मामी खाली बसली. मग ती चिडली. मी तिला तेवढी चिडलेली आधी कधी पाहिली नव्हती.

"दारुडा म्हणवून घ्यायला लाज वाटली नाही, आणि हात हलतो हे सांगायला वाटली? बायकोला सांगायला?"

"दारू सुटते गं," मामा म्हणाला. "लोक म्हणतात, आज ना उद्या सोडेल. हे सुटत नाही. बाबांचं तू सगळं केलंस. भरवलंस, पुसलंस, उचललंस. पुन्हा तेच तुझ्या वाट्याला? मला म्हणायलाच जमेना."

मामी उठली. "माझ्या वाट्याला काय यायचं ते तुम्ही नका ठरवू," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे. आणि तो शर्ट आधी भिजत घाला."

शहरातल्या दवाखान्यात मीही गेले. मामा तोंड उघडणार नाही आणि मामी थांबणार नाही, म्हणून मधे कुणीतरी हवं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. मामीने सुरुवात आजोबांपासून केली. त्या ऐकत राहिल्या. मग मामाला म्हणाल्या, "हात मांडीवर ठेवा. सैल सोडा. नुसते बसा."

मामा बसला. आम्ही सगळे त्याच्या हातांकडे पाहत होतो. हात मांडीवर पडून राहिले. हलले नाहीत.

"आता पुढे करा. बोटं पसरा." त्यांनी त्याच्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला.

"तुमच्या सासऱ्यांचा हात कधी हलायचा?" त्यांनी मामीला विचारलं. "आठवून सांगा."

मामीला आठवावं लागलं नाही. "नुसते बसले की. मांडीवर हात असला की बोटं अशी चालायची, गोळी वळावी तशी. पेला हातात दिला की उलट जरा थांबायची." हे म्हणता म्हणता ती थांबली आणि मामाच्या मांडीकडे पाहायला लागली. मला नंतर म्हणाली, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की यांचं उलट आहे, पण मनाला म्हटलं, उगाच उड्या मारू नकोस.

डॉक्टरीणबाईंनी मामाला घोट घोट पाणी प्यायला लावून त्याचा गळा चाचपला. नाडी पाहिली. भूक विचारली, घाम विचारला, झोप विचारली, चिडचिड होते का विचारलं. "होते," मी म्हटलं, "रेडिओवरसुद्धा." त्या हसल्या, रक्त घेतलं आणि तपासणीचा निकाल आल्यावर या म्हणाल्या.

मधले दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. मामी धुरीघरात एकटीच पुटपुटायची. मामा गोदामात गठ्ठ्यांना शंखजिऱ्याचा लेप देत होता, त्याला आता ते काम दिलं होतं. जाड ब्रशला थरथर चालते, म्हणायचा. आता मला खरं माहीत होतं, म्हणून मी मधून मधून त्याच्याजवळ जाऊन उभी राहायची. एकदा मी म्हटलं, "मामा, मला वाटलं होतं तू पितोस." तो म्हणाला, "वाटावं म्हणूनच तर केलं होतं. एवढ्या मेहनतीने केलेलं कुणीतरी मानलं, बरं वाटलं."

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आधी आम्हाला बसायला सांगितलं. मामी बसेना.

"तुमच्या गळ्यात एक ग्रंथी आहे, थायरॉइड," त्या मामाला म्हणाल्या. "ती गरजेपेक्षा जास्त काम करतेय. म्हणून भूक, म्हणून घाम, म्हणून छाती धडधडते आणि हात थरथरतात. गोळ्यांनी आवरते. वेळ लागेल, मधून मधून रक्त तपासावं लागेल. पण आवरते."

"आणि बाबांचं?" मामाने विचारलं.

"ते हे नाही."

"म्हणजे पुढे जाऊन—"

"ते हे नाही," त्या पुन्हा म्हणाल्या, तितक्याच शांतपणे. "तुमचा आजार वेगळा आहे."

मामा 'बरं' म्हणाला. जणू कुणी त्याला बसची वेळ सांगितली होती. गोळ्या घेऊन आम्ही बाहेर आलो आणि औषधांच्या दुकानाच्या पायरीवर मामी मटकन बसली. तिथे लोकांची ये-जा चालली होती, पण ती उठेना. पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नव्हता. मामा तिच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "मला भूक लागलीय."

"तुम्हाला कधी नसते?" मामी म्हणाली. मग डोळे पुसून, "मलाही लागलीय. किती दिवसांनी लागलीय."

समोरच्या गाडीवरून मी केळी आणली आणि तिघांनी पायरीवरच बसून खाल्ली. परतीच्या बसची वाट पाहताना मामी म्हणाली, "आता मुकादमांना जाऊन सांगा, सुटली म्हणून."

"न पिता सोडणारा मळ्यात मी पहिलाच," मामा म्हणाला.

मुकादमाला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी उखडला. "मूर्खा, तुझ्या दारूपायी मी घरी बायकोपाशी तुला किती शिव्या घातल्या! त्या आता परत कशा घेऊ?" मग त्याने मामाची पाठ इतक्या जोरात थोपटली की मामा खोकला. जाता जाता वळून म्हणाला, "तिकडच्या कडेची जुनी झाडं तोडायची आहेत. त्यांचं काही बिघडलं तरी चालेल. हात बसेपर्यंत त्यांच्यावर चालव."

हात लगेच नाही बसला. छातीची धडधड आधी थांबली, मग झोप आली, मग चिडचिड गेली. हात सगळ्यात शेवटी. मामा सुट्टीच्या दिवशी सुरी घेऊन त्या जुन्या झाडांकडे जायचा. सुरुवातीला परत यायचा तो पडलेल्या चेहऱ्याने. मी विचारायची नाही. एका रविवारी मी त्याच्यासोबत गेले होते. त्याने खोडाला खांदा जवळ केला, श्वास घेतला आणि सुरी वरून खाली ओढत आणली. साल लांब, पातळ, न तुटता निघाली आणि जमिनीवर पडली. मामा थांबून पाहत राहिला. कापात पांढरे ठिपके उमटले, मग एकमेकांना मिळाले आणि चीक पन्हाळीकडे धावला. लाकूड कुठेच दिसलं नाही.

"हं," मामा म्हणाला. एवढंच. आणि पुढच्या झाडाकडे गेला. मी मात्र तिथेच उभी राहून वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

नंतर त्याला त्याची रांग परत मिळाली. त्याने जखमी केलेल्या खोडांवर गाठी धरल्या होत्या. तिथे तो खोडाच्या दुसऱ्या अंगाला नवा काप धरून काम करायचा. त्या झाडांशी तो जरा जास्त वेळ घालवायचा, पण हळहळत बसला नाही. "भरून येतील," म्हणायचा. त्याची गोळी चालू होती. तपासणीला मामी त्याला दवाखान्यात स्वतः घेऊन जायची, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरीणबाईंना तोच प्रश्न विचारून तेच उत्तर ऐकून यायची. तिला ते ऐकायला आवडायचं.

त्या वर्षी झाडांची पानगळ सुरू झाली आणि चीक काढणं थांबलं. त्या दिवसांत माल बंदरावर नेणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने मामाला विचारलं, "येतोस का? जहाज दाखवतो." मामीने लगेच चपला घातल्या. तिला कुणी विचारलं नव्हतं. मग मीही चढले.

जन्मभर रबरात राहून आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिला नव्हता. क्रेनने आमच्या मळ्याचा कंटेनर उचलला, आणि मामीने माझा हात गच्च धरला, कंटेनर जहाजावर टेकेपर्यंत सोडला नाही. मामा मात्र कंटेनरकडे पाहतच नव्हता. तो धक्क्याच्या कडेला जाऊन पाण्याकडे पाहत होता.

"काय झालं?" मामीने विचारलं.

"काही नाही गं. करवंटीत पावसाचे चार थेंब पडले तर आपण डोक्याला हात लावतो, अख्खा चीक नासला म्हणून. आणि हे लोक आपलं रबर एवढ्या पाण्यातून नेतात!"

ड्रायव्हर पोट धरून हसला. मामी म्हणाली, "त्याला झाकण असतं हो," आणि तीही हसायला लागली. जहाजाचा भोंगा वाजला तेव्हा आम्ही तिघं धक्क्यावर उन्हात उभे होतो आणि मामा, जहाजावर ओळखीचं कुणी नसताना, दोन्ही हात वर करून जहाजाला टाटा करत होता.